डिपर दिलात म्हणून आले

एकोणसाठाव्या वर्षी मी गाडी शिकले, ती काही हौस म्हणून नाही. मधुमेहामुळं माझ्या यजमानांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल आणि आजपासून गाडी चालवायची नाही. दवाखाना पिंपरी-चिंचवडला आणि आम्ही आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दच्या पलीकडच्या एका गावात. मुलगी बंगळूरला. पहिले तीन महिने कधी पुतण्याला, कधी शेजारच्यांना विनवून आम्ही गेलो. कुणी नाही म्हटलं नाही. पण दर महिन्याला कुणाला तरी कामावरून सुट्टी घ्यायला लावायची, त्याच्या गाडीत अवघडून बसायचं आणि दवाखान्यात उशीर झाला की त्याच्या घड्याळाकडं बघत राहायचं, याचा मला कंटाळा आला. आमची स्वतःची गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती. तिच्या टपावर मांजर झोपायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. एका सकाळी मी आमच्या आळीतल्या निवृत्त एसटी ड्रायव्हरांकडं गेले. त्यांना सगळं गाव ‘भाऊ’च म्हणतं. मूळचे ते डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरातले, भात-नाचणीची शेती असलेल्या घरातले. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी भीमाशंकरच्या रस्त्यावर काढली.

मी म्हटलं, “भाऊ, मला गाडी शिकवाल का?”

ते ओट्यावर दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, हसतील.

“तुमी माज्या पोरांना शिकवलं,” ते म्हणाले. “उद्यापासनं या. पन एक सांगतो बाई, शाळेत तुमी पोरांना वरडला आसाल, आता मी वरडनार.”

आणि ते ओरडले. क्लच सोडताना गाडी ससा उडाल्यासारखी उडायची, तेव्हा ओरडले. वळताना मी दोन्ही हातांची गाठ मारून ठेवायची, तेव्हा ओरडले. पण रस्त्यावर दुसऱ्या कुणावर मी चिडले, तर मात्र त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आमच्या रस्त्याला भरून चालतात, वर मोठ्यानं गाणी लावलेली. मी हॉर्नवर हात ठेवून बसले की ते म्हणायचे, “त्याला न्हाई ऐकू येत. आन ऐकू आलं तरी तो दोन ट्रॉल्या घिऊन कुटं जाईल? उसातनं जाईल का? चला त्याच्या मागं.”

हात बसल्यावर त्यांनी मला घोडेगाव, डिंभे करत घाटाच्या रस्त्यावर नेलं. तिथं त्यांचं राज्य होतं. कुठल्या वळणावर समोरची गाडी दिसत नाही, कुठं धुक्यात गुरं बसलेली असतात, सगळं त्यांना पाठ. तिथंच त्यांनी मला डिपरचा धडा दिला. रस्ता एका गाडीपुरता अरुंद झाला आणि समोरून कुणी येत असलं, तर एकानं थांबायचं. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि थांबलेल्यानं दिवा एकदा वरखाली करायचा.

“डिपर मारला म्हंजे तो काय म्हनला?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“तो म्हनला, मी हितं हुबा हाय, तुमी या. मग घाबरायचं न्हाई, सरळ जायचं.”

मी हे पोरांसारखं पाठ केलं. आणि खरोखरच तसं घडायचं. समोरचा जीपवाला, भाविकांच्या बसचा ड्रायव्हर, टेंपोवाला, कुणीही दिवा मारला की थांबून राहायचा, मी निघून जायची. तीन महिन्यांनी मला पक्कं लायसन मिळालं. यजमानांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. “फोटो तुझाच आहे ना?” म्हणाले.

त्यानंतरच्या इंजेक्शनला आम्ही दोघंच निघालो. पहाटे उठून मी डबा केला, देवाला नमस्कार केला आणि गाडी बाहेर काढली. मंचर-खेडच्या मधला घाट, चाकणची गर्दी, मोशीच्या पुढं दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या इमारती, हे सगळं मी याआधी शेजारच्या सीटवरून पाहिलं होतं. स्टिअरिंगमागून ते वेगळंच दिसलं. मी अंतर ठेवून चालवायला गेले की त्या अंतरात लगेच दुसरी गाडी येऊन बसायची. पुन्हा अंतर ठेवलं की तिसरी. एका चौकात काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांसाठी मी थांबले, तर मागून इतके हॉर्न वाजले की आजोबाच मला हातानं ‘जा, जा’ म्हणू लागले.

“काय झालं?” यजमानांनी विचारलं.

“काही नाही. आपली वरात काढतायत,” मी म्हटलं.

दवाखाना अगदी दोन वळणांवर राहिला असताना एक रस्ता कामासाठी अर्धा खणलेला होता. निळे पत्रे लावून एका गाडीपुरती वाट ठेवली होती आणि दोन्हीकडची वाहनं तिच्यातूनच जात होती. मी अलीकडच्या तोंडाशी पोहोचले आणि थांबले. पलीकडच्या तोंडाशी एक पांढरी गाडी होती. तिनं दोनदा डिपर मारला.

मला इतकं बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माणसासारखं बोललं, असं वाटलं. मी पहिला गिअर टाकला आणि आत शिरले. पांढरी गाडीही शिरली. मला वाटलं, आता थांबेल. ती थांबली नाही, उलट तिनं पुन्हा दिवा मारला. मी ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. आवाज फार मोठा नव्हता. आमचा डावा दिवा फुटला आणि त्याच्या गाडीचा बंपर एका बाजूनं लोंबायला लागला.

त्या गाडीतून चाळिशीच्या आसपासचा एक गृहस्थ उतरला. इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तो माझ्या काचेशी येईपर्यंत माझ्या मागे आणि त्याच्या मागे हॉर्न सुरू झाले होते.

“काकू, दिसत नाही का तुम्हाला? मी डिपर दिला होता ना!”

“दिलात म्हणून तर आले!” मी म्हटलं. माझा आवाज शाळेतल्यासारखा चढला होता.

“अहो, डिपर दिला म्हणजे मी येतोय, तुम्ही थांबा!”

“डिपर दिला म्हणजे मी थांबलोय, तुम्ही या!”

“असं कुठं असतं?”

“आमच्याकडं असतं!”

“तुमच्याकडं म्हणजे कुठं?” असं म्हणून त्यानं आमच्या नंबरप्लेटकडं बघितलं. त्याची एम.एच. चौदा आणि आमचीही एम.एच. चौदाच. बाजूला दोन-तीन माणसं जमली होती, त्यातला एक म्हणाला, “गावाकडच्या दिसतात. अशांना गाडी देतात कशाला?”

तेवढ्यात माझे यजमान पलीकडचं दार चाचपत उघडून उतरले. त्यांना वाटलं, माणूस त्यांच्या समोर उभा आहे. समोर निळा पत्रा होता. त्या पत्र्याला हात जोडून ते म्हणाले, “साहेब, आमची चूक झाली असेल. आधी सांगा, कुणाला लागलं तर नाही ना?”

त्या गृहस्थाचा चेहरा बदलला. तो यजमानांकडं बघत राहिला, मग माझ्या हातांकडं. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते आणि मला ते उचलता येत नव्हते.

“कुठं निघालात काकू?” त्यानं विचारलं. आवाज पार उतरला होता. मी दवाखान्याचं सांगितलं. इंजेक्शनची वेळही सांगितली, ती टळायला वीस मिनिटं होती.

मग त्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. त्याच्या मागे सहा गाड्या लागलेल्या होत्या. तो चालत एकेकीपाशी गेला, काचेवर वाकून बोलला आणि सगळ्यांना मागं घ्यायला लावलं. एक टेंपोवाला ऐकेना, तर त्याच्यापाशी तो हात जोडून उभा राहिला. सगळ्यांत शेवटी त्यानं स्वतःची गाडी मागं घेतली. लोंबणारा बंपर त्यानं आपल्याच पट्ट्यानं, हो, कमरेचा पट्टा काढून त्यानं बांधला. मग माझ्याकडं येऊन म्हणाला, “आता तुम्ही या. या वेळी खरंच या.” आणि मी वाट संपवून बाहेर आल्यावर आपली गाडी वळवून घेत म्हणाला, “मी पुढं चालतो. पिवळे दिवे लावून ठेवतो. तुम्ही फक्त माझ्या मागं राहा, दुसरीकडं कुठं बघू नका.”

तो इतका हळू चालला की मागचे आता त्याच्यावर चिडले. दवाखान्याच्या फाटकात तो उतरला, रखवालदाराशी बोलून आम्हाला दाराजवळ जागा मिळवून दिली. ऑफिसला उशीर होतोय असं कुणाला तरी फोनवर सांगतच होता. मी म्हटलं, “तुमच्या गाडीचं नुकसान...”

“राहू द्या. माझी आईही अशीच आहे,” तो म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला आजही नीट कळलेलं नाही. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं.

यजमान आत गेले आणि मी बाकावर बसून भाऊंना फोन लावला. “भाऊ, झालं एवढं पुरे. मला आता शहरात गाडी चालवायची नाही. तुम्ही या आणि आम्हाला घेऊन चला.”

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मंचरहून एसटी धरून, भोसरीला उतरून, पुढं रिक्षा करून ते दुपारी पोहोचले. एका हातात पिशवी. त्यांनी आधी गाडीला चक्कर मारली, फुटक्या दिव्यावरून बोट फिरवलं आणि मग विचारलं, “कसं झालं?”

मी सगळं सांगितलं. डिपरचं सांगताना मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं, कारण त्यांना दोष दिल्यासारखं वाटत होतं. ते दवाखान्याच्या पायरीवर बसले.

“चूक माजी हाय, बाई,” ते म्हणाले. “मी तुमाला घाटातलं शिकवलं. मला वाटलं, सगळीकडं तसंच.”

“तुम्ही इतकी वर्षं पुण्याला गाडी आणलीत ना?”

“आनली की. पन माजी गाडी यवडी मोठी व्हती. मी डिपर मारला तरी लोकं थांबायची, न्हाई मारला तरी थांबायची. मला कुटं कळायचं, कोन काय समजून थांबलाय ते?”

मी किल्ली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही.

“मला आता हितं जमायचं न्हाई. डोळा पयल्यावानी न्हाई आन गर्दी लई झालीय. तुमी चालवा. मी डावीकडं बगतो.”

मला रडू आलं. मदतीला बोलावलेल्या माणसानंच हात वर केले होते. पण त्यात एक गोष्ट होती. सत्तरीचा माणूस, सगळा जन्म ड्रायव्हर म्हणून मान मिळवलेला, मला सरळ सांगत होता की हे मला येत नाही. शाळेतल्या तीस वर्षांत मला पोरांसमोर हे किती वेळा म्हणता आलं होतं? मी डोळे पुसले आणि बसले. पुढं मी आणि भाऊ, मागं डोळ्याला पट्टी बांधलेले यजमान.

दवाखान्यापासून थोडं पुढं आलो तोच एक स्कूटरवाली मुलगी माझ्या बाजूला येऊन काच ठोकायला लागली. मला वाटलं, आता ही भांडणार. काच खाली केली.

“काकू, पदर दाराबाहेर आलाय! चाकात जाईल!”

तिनं आपली स्कूटर माझ्या गाडीच्या मागं आडवी घातली आणि मी दार उघडून पदर आत घेईपर्यंत मागच्या सगळ्या गर्दीला थोपवून धरलं. मग मागं वळूनही न बघता निघून गेली. पुढं मोठ्या रस्त्याला लागायचं होतं आणि गाड्यांची रांग तुटतच नव्हती. एका रिक्षावाल्यानं हात बाहेर काढून मागच्यांना पंजा दाखवला आणि मला मानेनं खूण केली. मी या वेळी लगेच निघाले नाही. काच खाली करून विचारलं, “मी येऊ ना?”

“या ना मावशी, तुमच्यासाठीच थांबलोय!” तो म्हणाला.

भाऊ बघत होते. “हितं तोंडानं इचारावं लागतं,” ते म्हणाले. “पन इचारलं तर देत्यात.”

मी सकाळपासून ज्या शहराला मनात शिव्या घालत आले होते, ते तिथल्या तिथं बदललं असं नाही. मोशीपर्यंत आणखी दोघांनी मला हातवारे करून काय ते ऐकवलं. पण आता मला प्रत्येक हॉर्नमध्ये राग ऐकू येईना. एखादा फक्त ‘मी इथं आहे’ म्हणत होता. एखादा ‘सिग्नल सुटला’ म्हणत होता. मला ती बोली येत नव्हती, एवढंच.

चाकण, खेड, घाट मागं टाकून आम्ही आमच्या फाट्याजवळ आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमचा फाटा महामार्गाच्या उजव्या हाताला आहे. त्याच्या अलीकडंच दुभाजकात एक जागा सोडलेली आहे. तिथून पलीकडं जाऊन, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर अर्धा किलोमीटर उलटं गेलं की आपला रस्ता. नियमानं जायचं तर बरंच पुढं जाऊन वळून यावं लागतं. आमच्याकडचे सगळे उलटे जातात. दुधाच्या गाड्या, ट्रॅक्टर, इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं. लायसन मिळाल्यापासून मीही तशीच जात होते. मोठा दिवा लावायचा, कडेकडेनं जायचं.

“घ्या हितनं,” भाऊ सवयीनं म्हणाले. “फुटक्या दिव्यानं अंधार पडायच्या आत घरी पोचू. उसाच्या कडंला बिबट्या बसलेला आसतो.”

मी वळले नाही. सरळ पुढं गेले.

“का हो?”

“भाऊ, ते समोरून येणारे कोण असतात? पुण्याला निघालेले, नाशकाहून आलेले. आपण त्यांच्या तोंडावर दिवा लावून जातो, त्यांना काय कळत असेल? त्यांना वाटत असेल, ही बाई मरायला निघालीय.” थोडं थांबून मी म्हटलं, “सकाळी माझ्यामुळं एका माणसानं सहा गाड्या मागं घेतल्या. आपण इथं कधी कुणासाठी एक तरी घेतो का?”

भाऊंनी तोंड खिडकीकडं वळवलं. मला वाटलं, त्यांना लागलं. पुढच्या वळणावरून फिरून, योग्य बाजूनं आम्ही फाट्यावर आलो, तेव्हा एक ट्रॅक्टर उलट्या बाजूनं आमच्या तोंडावर आला. चालवणारा आमच्याच गावचा. त्यानं हसून हात केला. भाऊंनी काच खाली केली आणि इतक्या जोरात ओरडले, की मी शिकत असतानाही ते मला तसे ओरडले नव्हते.

तो दिवा दुसऱ्याच दिवशी बसवून घेतला. पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. आता दोन वर्षं होत आली. यजमानांचा उजवा डोळा पुष्कळ सुधारला, डावा आहे तसा आहे. भाऊंनी नंतर आमच्या आळीतल्या दोन सुनांना गाडी शिकवली. घाट, गिअर, उतार सगळं त्यांनी शिकवलं आणि एक दिवस दोघींना माझ्या ओट्यावर आणून बसवलं. “शहराचं तुमी सांगा, बाई. त्यातलं मला येत न्हाई.” मी चहा टाकला आणि पांढऱ्या गाडीची गोष्ट सांगितली.

त्या पत्रे लावलेल्या जागी आता पूल झालाय. तिथून जाताना मी पांढऱ्या गाड्या बघते. पांढऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. तो माणूस दिसला तरी मी ओळखीन की नाही, सांगता येत नाही.

यजमानांनी मात्र मध्येच एक नवं सुरू केलंय. ज्यानं आम्हाला वाट दिली, त्याला मी हात करू शकत नाही, माझे दोन्ही हात अजून स्टिअरिंगला चिकटलेले असतात. म्हणून माझ्याऐवजी ते हात करतात. मी वेग कमी केला आणि मग पुढं निघाले, की कुणीतरी जागा दिली असणार असं धरून ते डाव्या खिडकीतून हात बाहेर काढतात. त्यांना नीट दिसत नाही. कधी तो हात विजेच्या खांबाला होतो, कधी भाजीच्या गाडीला. एकदा त्यांनी एका गाईचेही आभार मानले. मी सुरुवातीला सांगायची, अहो, तिथं कुणी नाही. आता सांगत नाही.

गेल्या महिन्यात भोसरीजवळ एक बस थांब्यावर उभी होती. आमच्यासाठी नव्हे, तिची माणसं चढत होती म्हणून. मी तिच्या पुढून निघाले आणि यजमानांनी नेहमीप्रमाणं हात बाहेर काढला. वर बसलेल्या ड्रायव्हरनं खाली पाहिलं. क्षणभर त्याला कळेना, हे कशाबद्दल. मग त्यानंही हात उचलला.

“अहो, त्यानं केला हात,” मी म्हटलं.

“कुणी?”

“बसच्या ड्रायव्हरनं.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि खिडकीतून हात पुन्हा एकदा बाहेर काढला. बस तोवर कितीतरी मागं राहिली होती.